खासदारांनी शून्य प्रहरात थांबा मागितला, पुढे काय?

चाकरमानी_कोकण:
आमच्या खासदारांनी लोकसभेत कोकण रेल्वेवरच्या आमच्या छोट्या स्टेशनला एक्स्प्रेसचा थांबा मागितला. पहिल्यांदाच निवडून आलेत, मागच्या बाकावर बसतात, तरी बोलले याचा आनंद आहे. पण मंत्री काहीच बोलले नाहीत. याचा उपयोग होतो का?

रूळकाठ:
होतो, पण तेवढ्यावर थांबू नका. शून्य प्रहर म्हणजे खासदारांनी तातडीचे विषय मांडायची वेळ; त्यातल्या मागणीला उत्तर देणं मंत्र्यांवर बंधनकारक नसतं. प्रवासी संघटनेत काम करताना मी एवढं शिकलोय की, लेखी उत्तर हातात असल्याशिवाय कार्यालयात कुणी दाद देत नाही. खासदारांना अतारांकित, म्हणजे लेखी उत्तर मिळणारा, प्रश्न टाकायला सांगा. दिवसाला असे 230 प्रश्न घेतात, तारांकित (तोंडी उत्तराचे) फक्त 20. सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते.

आणि प्रश्न नेमका हवा. 'थांबा देणार का?' असं विचारलंत तर 'व्यवहार्यता तपासून निर्णय होतो' एवढंच येईल. गेल्या तीन वर्षांत त्या स्टेशनावर किती तिकिटं विकली गेली, उत्पन्न किती, थांब्याचा प्रस्ताव रेल्वे बोर्डाकडे पोचलाय का, हे विचारा. आकडे चांगले निघाले तर प्रायोगिक थांबा मागायला जोर येतो. उत्तरात 'विचाराधीन आहे' आलं तर ते जपून ठेवा; अशी वाक्यं आश्वासनात धरली जाऊ शकतात, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यासाठी सभागृहाची वेगळी समितीच आहे.

सावंतवाडीकर:
बॅ. नाथ पै विरोधी बाकांवरून कोकण रेल्वेसाठी बोलत राहिले. पुढे त्यांच्याच राजापूर मतदारसंघातून मधू दंडवते लोकसभेत गेले, 1977 ला रेल्वेमंत्री झाले. पूर्ण मार्ग सुरू झाला 26 जानेवारी 1998 ला. मागच्या बाकावरचं बोलणं मला तरी वाया गेलेलं वाटत नाही.

चाकरमानी_कोकण:
रूळकाठदादा, खूप आभार. स्टेशनपासून गावापर्यंत एसटीही नाही, तेही त्यांनाच सांगू का?

रूळकाठ:
नाही, एसटी राज्याची. ते आमदारांकडे न्या, विधानसभेत लक्षवेधी (मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावता येते. खासदारांकडे फक्त थांब्याचंच निवेदन द्या, गाडी क्रमांकासकट, एका पानात.