पंधरा वर्षं झाली म्हणून चालती गाडी मोडीत काढायची का?

गूळगाडी
थेट मुद्द्यावर येतो. गाडीचं वय बघून तिला भंगारात घाला, हे मला पटत नाही. आमच्याकडं कोल्हापुरात जुनी टाटा 407 आहे, मालाची. गुऱ्हाळावरनं गुळाचे रवे (ढेपा) भरायचे, शाहू मार्केट यार्डात उतरवायचे, एवढंच तिचं काम. दिवाळीच्या आसपास हंगाम धरतो, उन्हाळ्यात संपतो. बाकीचे महिने खत, कडबा, कुणाचं तरी घरसामान. दिवसाला पन्नास किलोमीटरसुद्धा होत नाहीत. तिच्या बरोबरीच्या गाड्या हायवेवर पळून कधीच खुळखुळा झाल्या, ही अजून एका सेल्फात चालू होते.

दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेलला 2015 मध्ये हरित लवादानं बंदी घातली, पुढं कोर्टात त्याचं रामायण झालं. तसला नियम आपल्याकडं नाही. इथं व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), नंतर दरवर्षी. 15 वर्षांवरच्या गाडीची पासिंगची फी 1 एप्रिल 2022 पासून हलक्याला 7,500 आणि अवजडाला 12,500 केली, पुढं आणखी वाढवली. पर्यावरण कर वेगळाच. एवढं सगळं भरून, तपासून घेऊन गाडी पास होत असेल, तर तिचं वय विचारणारे तुम्ही कोण?

लक्ष्मीपुरी_वरचा_मजला
आम्ही खिडकी उघडणारे लोक. धान्य बाजारात सकाळी गाड्या लागल्या की दुपारपर्यंत खिडकी बंद ठेवावी लागते. मुलाला दम्याचा त्रास आहे, म्हणून हे मी वाचून काढलंय.

तुम्ही "पन्नास किलोमीटर" हे गाडीच्या बाजूनं सांगताय. आमच्या बाजूनं बघा. ते पन्नास किलोमीटर माळावर होत नाहीत, पेठेत होतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, थांबत-थांबत, लोकांच्या नाकासमोर. पीयूसीचा निकषही जुन्या गाडीला सैल आहे. बीएस म्हणजे धुराचे सरकारी टप्पे, आकडा मोठा तेवढा नियम कडक. बीएस-4 च्या आधीच्या डिझेलला धुराच्या दाटपणाचा आकडा 2.45 पर्यंत चालतो, बीएस-4 ला 1.62. म्हणजे तुमची गाडी "पास" झाली, ती तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पेपरात. मोठ्या इंजिनांच्या धुरातल्या कणांची मर्यादा बीएस-3 ला दर किलोवॅट-तासाला 0.10 ग्रॅम होती, बीएस-6 ला 0.01. दहावा हिस्सा! आणि 2000 सालाच्या आधीच्या इंजिनांचं तर बोलूच नका. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरचं नाव काही हौसेनं घातलेलं नाही.

पाना_चौदाचा
ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. तरी मिस्त्री म्हणून थोडं सांगतो. काळा धूर वयानं येत नाही. नोझल झिजली, पंपाचं सेटिंग कुणीतरी "पिकअप वाढव" म्हणून उचकटलं, एअर फिल्टर महिनोन्‌महिने झाडला नाही, वर दुप्पट माल भरला, की धूर. पंप कॅलिब्रेशन करून नोझल बदलल्या तर तीच गाडी ओळखू येत नाही. बीएस-6 एवढी स्वच्छ होणार नाही, ते मान्य. पण बाजारात तुम्ही जो भपका बघताय, त्यातला बराचसा आळसाचा आहे.

दुसरं. बीएस-6 च्या धूरनळीत कण धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला नळी चांगली तापावी लागते. यार्ड ते लक्ष्मीपुरी, लक्ष्मीपुरी ते गांधीनगर असल्या टप्प्यात ती तापत नाही. फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, गाडी ताकद सोडते. मग लॅपटॉपवाला शोधा. 407 चं मूळचं 2,956 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन उघडायला मला लॅपटॉप लागत नाही. लायनर, क्रँक ग्राइंडिंग, किंगपिनचे बुश, सगळं उद्यमनगरात दोन गल्ल्यांत होतं. आख्ख्या गावानं ऑइल इंजिनावर हात बसवलाय, तो असा कामाला येतो.

2019 चा महापूर आठवा. शिरोलीजवळ हायवे बंद होता. पाण्यात बसलेल्या गाड्या नंतर आमच्याकडं आल्या. जुन्यांचं ऑइल काढलं, टाकी धुतली, सेल्फ-डायनॅमो वाळवला, हवा काढली, चालू. नव्यांचं वायरिंग आणि कंट्रोलर गेलेले, मालक इन्शुरन्सच्या माणसाची वाट बघत बसलेले.

बिंदू_चौकी
आणि मॅटाडोर कुणी काढलीच नाही! मर्सिडीजच्या घराण्यातलं इंजिन आणि आत कोथिंबिरीच्या पेंढ्या. नाद खुळा गाडी.

लक्ष्मीपुरी_वरचा_मजला
@बिंदू_चौकी, कौतुक करा, पण ती तुमच्या दारात चालू ठेवून करा.

हिशेब_चोख
भावनेचं राहू दे, आकडे बघू. लहान पिकअप घ्यायची तर दहा लाखांच्या घरात जाते. दोन लाख खिशातले, आठ लाख कर्ज, 11 टक्के, पाच वर्षं. हप्ता महिन्याला 17,400 च्या आसपास. इन्शुरन्स, ड्रायव्हर, टायर वेगळे. गूळगाडी वर्षातले पाच-सहा महिने कमावणार आणि हप्ता बारा महिने जाणार. हे गणित बसत नाही. जुन्या गाडीला ॲव्हरेज कमी, हे खरं, पण कमी पळणाऱ्या गाडीला ॲव्हरेज मारत नाही, हप्ता मारतो.

भंगारात घातली तर? अधिकृत केंद्राचा दाखला दाखवून नव्या व्यावसायिक गाडीला करात 15 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. कर गाडीच्या किमतीचा छोटा तुकडा, त्याच्यातले 15 टक्के. तेवढ्यासाठी चालती गाडी कोण तोडणार?

शिरोली_गेट
मी तोडली नाही, विकली. 1210 ट्रक होती, वडिलांच्या वेळची. हिशेब_चोख, तुमचं गणित धंदा आहे तेवढाच राहणार असं धरून चाललंय. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात काही कारखाने जुनी गाडी गेटातनं आतच घेत नाहीत. वय विचारतात, कागद बघतात, परत पाठवतात. कास्टिंगचा माल पुण्याला न्यायचा तर पार्टी आधी गाडीचं मॉडेल विचारते. जुन्या गाडीला मग कुठली भाडी उरतात? वाळू, वीट, ऊस. जिथं कुणी काही विचारत नाही आणि दर सगळ्यात कमी. तो दर परवडावा म्हणून दुप्पट भरायचं. दुप्पट भरलं की पाटे मोडतात, टायर फुटतात, आणि मिस्त्री म्हणतात तो धूर येतो. त्या चक्रातनं मी हप्ता डोक्यावर घेऊन बाहेर पडलो. सोपं नाही, पण काम बारा महिने आहे.

गूळगाडी
शिरोली_गेट, तुमची 1210 आता कुठं आहे हो?

शिरोली_गेट
कर्नाटकातल्या एकानं नेली. वीटभट्टीवर असेल.

गूळगाडी
म्हणजे धूर गेला नाही, पत्ता बदलला. हेच मला म्हणायचंय. सरकारनं स्वतःच्या 15 वर्षांवरच्या गाड्या 1 एप्रिल 2023 पासून बंद केल्या, त्यात एसटीही आली. त्यांच्यामागं तिजोरी आहे. आमच्यामागं कोण आहे? वयाचा नियम आला तर माझ्यासारखा, गाडी जपणारा, पहिला जाईल. कागद न करता गावाकडं मळ्यातनं चालवणारा तसाच चालवत राहील.

स्टेअरिंगवाला
मालक बोलले, मिस्त्री बोलले, हिशेबवाले बोलले. आता ड्रायव्हरचं ऐका.

मी दुसऱ्याची जुनी ट्रक चालवतोय. कुठल्या कंपनीची ते सांगत न्हाई. पॉवर स्टेअरिंग न्हाई. भरलेली गाडी यार्डात वळवून लावायची म्हणजे खांदा निघतो. इंजिनाचा तवा मांडीला लागून, उन्हाळ्यात केबिनमधी बसवत न्हाई. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलाय. करूळ घाट उतरताना खालच्या गिअरवर इंजिनानं धरायची, ब्रेकवर भरवसा ठेवायचा न्हाई, हे आम्हाला शिकवायला लागत न्हाई. पण मागनं पोरगं डंपर घेऊन हॉर्न मारत आलं की पाय ब्रेकवर जातोयच. ब्रेक तापला की पेडल खाली. दोनदा देवानं वाचवलंय.

2025 पासनं नव्या साडेतीन टनांवरच्या गाड्यांना एसी केबिन सक्तीची केलीय. तुमची चर्चा धुरावर चाललीय. धुराच्या सगळ्यात जवळ कोण बसतंय?

पाना_चौदाचा
दादा, ब्रेक गरम होऊन जातोय तर लायनर आणि ड्रम बघायला पायजे. गाडी घेऊन या.

स्टेअरिंगवाला
मालकाला सांगा की.

पासिंगची_सकाळ
सगळे "पास होते ना" वर अडलेत, म्हणून बोलतो. मी एजंटाच्या टेबलाशेजारी बरीच वर्षं काढली आहेत, कुठल्या ऑफिसात ते सोडा. पासिंगच्या सकाळी गाडीला चांगले टायर भाड्यानं येतात, संध्याकाळी परत जातात. रिफ्लेक्टर चिकटवायचे, मागचा दिवा तात्पुरता जोडायचा, पंपाचा स्क्रू आत घेऊन धूर दाबायचा. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा बाहेर. गूळगाडी, तुम्ही प्रामाणिक असाल, पण तुमची आणि ह्यांची सर्टिफिकिटं एकसारखीच दिसतात.

माणसाऐवजी मशीननं तपासणी करायची, असा केंद्राचा नियम आहे. त्याच्या तारखा पुढं ढकलत आणल्या. मशीन आलं तर चाकं रोलरवर फिरवून ब्रेक कळेल, तिथं भाड्यानं काही मिळत नाही. माझ्या मते भांडायचं असेल तर त्यासाठी भांडा. वयाचा वाद त्यानंतर.

गूळगाडी
मशीनला माझी हरकत नाही. उद्या रोलरवर चढवा. नापास झाली तर मी स्वतः भंगारवाल्याला फोन करतो. तिचा ब्लॉक इथल्याच एखाद्या फौंड्रीत वितळेल, गावाबाहेर जायची गरज नाही.

हिशेब_चोख
चाचणीची फी कोण भरणार, आणि नापास झाल्यावर दुसऱ्यांदा कोण भरणार, तेही ठरवा. अवजडाला एका फटक्यात आठवड्याची कमाई जाते. रिक्षावाले पासिंग चुकल्याच्या दिवसाला 50 रुपये दंडावरून रस्त्यावर आले होते, विसरलात का?

लक्ष्मीपुरी_वरचा_मजला
मशीन येईल तेव्हा येईल. मला आजचं सांगा. भरणी-उतरणी चालू असताना इंजिन चालू का ठेवतात? हमाल पोती उतरवतायत, गाडी तासभर जागची हललेली नाही आणि धूर वर चाललाय. त्याला कुठला हप्ता आडवा येतो?

गूळगाडी
मी बंद करतो. पण सगळे करत नाहीत, हे खरं आहे.

पाना_चौदाचा
ताई, कारण साधं आहे. बॅटरी मेलेली असते. बंद केली तर परत चालू होणार नाही, चार माणसं लावून ढकलावी लागेल, बाजारात ढकलायला जागा नाही. म्हणून चालू ठेवतात. एक बॅटरी आणि सेल्फचे कार्बन बदलले तर हा त्रास मिटतोय. तेवढ्यात जेवढं डिझेल जळतंय, त्यात बॅटरी निघून येईल.

लक्ष्मीपुरी_वरचा_मजला
मग बदला की! एवढं तरी ह्या धाग्यातनं होऊ दे.

स्टेअरिंगवाला
बॅटरी मालकानं द्यायची असते, ताई. गेल्या दिवाळीपासनं मागतोय.