गुडघ्यांचे सांधेरोपण झालेल्या ज्येष्ठांना योगवर्गात काय द्यावे?

प्रश्न : मी सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठांचा योगवर्ग घेते. वर्गातील दोघींच्या गुडघ्यांचे सांधेरोपण झाले असून, सर्जननी त्यांना ‘योग करा, पण मांडी घालून बसू नका’ एवढेच सांगितले आहे. वज्रासन आणि पद्मासन वगळायचे, हे कळते. परंतु त्यांच्या जागी काय घ्यावे, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद : प्रथम फिजिओथेरपिस्टकडून गुडघा किती अंश वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का, हे लिहून घ्यावे. सांधेरोपणानंतर तो साधारण ११० ते १२५ अंश वाकतो. खुर्चीतून उठायला तेवढे पुरते, वज्रासनाला मुळीच पुरत नाही. तेव्हा उश्यांची चळत रचून ते जमवण्याचा खटाटोप करू नये.

प्रतिसाद : वाकण्यापेक्षा सरळ होण्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण गुडघा किंचित वाकलेला राहिला तरी चाल लंगडी होते. दंडासन, म्हणजे पाय सरळ पसरून ताठ बसणे, खुर्चीवर बसून, टाच समोरच्या स्टुलावर ठेवून घ्यावे आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळून वाटी वर ओढायला सांगावे. सुप्त पादांगुष्ठासन, म्हणजे उताणे झोपून एक पाय सरळ वर उचलणे, दिवाणावर, तळव्याला पट्टा लावून उत्तम होते. त्यासाठी जमिनीवर उतरावेही लागत नाही. वीरभद्रासनात, म्हणजे उभ्याने पाय फाकवून पुढचा गुडघा वाकवण्याच्या आसनात, खुर्चीची पाठ धरू द्यावी आणि पाऊल रोवलेले असताना धड वळवू देऊ नये, कारण तो पीळ थेट गुडघ्यावर येतो. आधी पाऊल उचलून फिरवावे, मग वळावे. पुण्याच्या अय्यंगार परंपरेत खुर्ची, पट्टे, विटा हे सर्रास वापरले जातात, त्यामुळे विद्यार्थिनींना त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. शवासनात गुडघ्याखाली लोड देण्याची आपल्याकडे फार हौस. परंतु गुडघा अजून पूर्ण सरळ होत नसेल, तर तो तसाच आखडू लागतो, म्हणून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवावी.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मार्जारासन, म्हणजे हात-गुडघे टेकून पाठ वरखाली करणे, घेता येईल का?

प्रतिसाद : सर्जनची हरकत नसेल, तर गुडघे टेकल्याने सहसा कृत्रिम सांध्याला इजा होत नाही, मात्र व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बहुधा बधिर असते आणि दाब नीट कळत नाही. त्यापेक्षा टेबलावर हात टेकून उभ्यानेच पाठ वरखाली करावी. पोटरी सुजून दुखत असेल किंवा गुडघा लाल, गरम होऊन ताप आला असेल, तर आसने थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.