पाळणाघराची नोटीस (सोसायटी ग्रुप, कासारवडवली, ठाणे)

बी-६०४: नमस्कार. क्लब हाऊसमागचं पाळणाघर १ तारखेपासून बंद, हे मी लिफ्टमधल्या नोटिशीत वाचलं. निदान आम्हा आयांना विचारायचं तरी.

ए-१०२: सोसायटीची जागा धंद्याला देता येत नाही. उपविधी वाचा.

बी-६०४: काका, वाचलेत. तुमची नातही तिथेच वाढली.

सेक्रेटरी: ताई, राग मानू नका. दुपारी मुलं रडतात अशा तक्रारी आहेत.

सी-३०१: आणि रात्री दहाला ड्रिल चालतं, त्याचं काय?

बी-२०३: नाव घेऊन बोला. आमचं काम आठला थांबतं.

डी-७०५: मेंटेनन्स बिल आलं की मीही रडतो, माझीही तक्रार नोंदवा 😄

ए-१०२: परत सांगतो, जागा धंद्याला देता येत नाही.

ए-४०१: हे सरकारचं काम आहे. बजेटमध्ये एवढे पैसे जाहीर होतात, ते मागा.

डी-१०१: मी अंगणवाडीत नोकरी केली आहे, म्हणून सांगते. 'पाळणा' योजना आहे, ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. खर्च केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. पण वेळ दिवसाला साडेसात तास.

बी-६०४: काकू, मी साडेसातला घर सोडते, कापूरबावडीचा जॅम पार करून परत यायला सात वाजतात. साडेसात तासांत कसं बसवू? ५० माणसं असली तरच कंपनीला पाळणाघर सक्तीचं, आमच्यात ३८. २०१७ पासून बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आहे, पण ईएसआय (कर्मचारी विमा) नसेल तर तो पगार पूर्ण मालकाच्या खिशातून. म्हणून इंटरव्ह्यूत विचारतात, लग्न झालंय का. २०१८मध्ये कामगार खात्याने त्यातला ७ आठवड्यांचा पगार सरकारने मालकाला परत देण्याचा प्रस्ताव मांडला होता. बजेटमधून हेच हवंय, आईची रजा एकट्या मालकावर नको.

सी-५०२: आणि वडिलांचं? केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. मला कंपनीने ३ दिवस दिले, तेही सुट्टीतून कापले. टाके असलेली बायको, तान्हं बाळ आणि मी चौथ्या दिवशी लोकलमध्ये.

ए-४०१: आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी मुलं वाढली.

डी-१०१: तुमच्या आईंनी वाढवली हो. विसरू नका.

ए-१०२: मुद्दा उपविधीचा आहे.

बी-६०४: पाळणाघरातल्या मावशींची वही बघा काका. कालच्या पानावर लिहिलंय, "११ वाजता दूध, ३० मिली उरलं. आईची ओढणी धरून झोपला." ऑफिसात हे पान फोनवर आलं, तेव्हा कुठे जेवण घशाखाली उतरलं.

सेक्रेटरी: रविवारी ११ वाजता मीटिंग. नोटीस तोपर्यंत थांबवतो.

सी-३०१: ड्रिलचा विषयही घ्या.

ए-१०२: मी येईन. उपविधी घेऊन.

बी-६०४: या काका. मी वही आणते.