गोव्यात परवडणारं घर: तुम्ही कुठे घेतलंत आणि काय बघून घेतलंत?

मेरशीत भाड्याने राहून आम्हाला हे नववं वर्ष. अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो, मालक यंदा किती वाढवणार म्हणून. मी पणजीत नोकरीला, बायको बांबोळीला, मुलगा पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. ओढूनताणून ४५ लाख जमतील, त्यातले ३० कर्जाचे. एवढ्यात पणजी-ताळगावात काही मिळत नाही हे दोन महिन्यांत कळलं. मग दर रविवारी स्कूटर काढतो: खोर्ली, जुने गोवे, बाणस्तारी, एकदा तर थेट फोंड्यापर्यंत गेलो. फ्लॅट सगळेच बरे दिसतात. दाखवणारा माणूस नळ सोडून दाखवतो, खिडकी उघडून शेत दाखवतो. पण तिथे राहायला गेल्यावर काय होतं ते त्याच्याकडून कळणार नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. शहराबाहेर बेताच्या पैशात घर घेतलं असेल तर कुठे घेतलंत, काय बघितलं होतं आणि काय बघायचं राहून गेलं? किंमत नाही सांगितली तरी चालेल. पाणी, बस, कागदपत्रं, शेजार याबद्दल मोकळेपणाने लिहा.

कुर्टी, फोंडा

आम्ही २०१६ साली इथे दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. ओपाचा पाणी प्रकल्प जवळच, त्यामुळे पाण्याची शंका मनातही आली नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ मोठी जलवाहिनी फुटली आणि फोंडा, तिसवाडी दोन्ही तालुक्यांचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. बाहेर धो धो पाऊस आणि घरात प्यायला पाणी नाही. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

आमच्या इमारतीमागच्या वाड्यावर एक जुनी विहीर आहे, चिऱ्याच्या कठड्याची. तिथल्या काकींनी आपणहून हाक मारली. रहाट नव्हता, नुसता दोर. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले. काकी म्हणाल्या, "बाय, अशी खेचाखेच करू नकोस," आणि कळशी आडवी सोडून, दोराला एक हलका झटका देऊन ती कशी बुडवायची ते त्यांनी करून दाखवलं. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतली पाच घरं त्या एका विहिरीवर निभावली. चतुर्थीला आमच्या नेवऱ्यांचं पहिलं ताट अजून त्यांच्याकडे जातं.

तेव्हा भाऊ, घर बघाल तिथे जवळ विहीर आहे का, आणि तिचं पाणी मे महिन्यात कुठवर उतरतं, हे दाखवणाऱ्याला नको, बाजूच्या घरात विचारा. पणजीला दिवसा बस भरपूर. ऑफिसातून उशिरा सुटलात तर मात्र हाल होतात, आम्हाला शेवटी दुसरी स्कूटर घ्यावी लागली. तिचा हप्ताही घराच्या खर्चातच धरायला हवा होता.

साखळी

फ्लॅटपेक्षा प्लॉट घेऊन हळूहळू बांधू, असा आमचा विचार. डिचोली तालुक्यात साडेतीनशे चौरस मीटरची जागा दलालाने दाखवली. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा व्हॉट्सअॅपवर आला, मालकाचं नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, इतर हक्कांचा रकाना कोरा. आम्ही विसार द्यायला निघालो होतो. वडील म्हणाले, आधी मला तिथे नेऊन उभं करा.

जागेच्या कोपऱ्यात पडकं तुळशीवृंदावन होतं. आम्ही ते दोनदा बघितलं होतं आणि दोनदा सोडून दिलं होतं. वडील वाकले. कोनाड्यात पणती, तिच्यातली वात जळून काळी झालेली, पण तेल अजून ओलं आणि बाजूला अबोलीची दोन ताजी फुलं. "इथं रोज दिवा कोण लावतं?" त्यांनी विचारलं. दलाल गप्प.

मागच्या घरातल्या बाईंकडे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्या जागेत त्यांच्या आजीचं घर होतं, काही वर्षांपूर्वी पावसात कोसळलं. मुंडकार म्हणून नोंद व्हावी यासाठी मामलेदारांकडे त्यांचा अर्ज पडून आहे. आपल्याकडे १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहिलेल्याला ते घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. उताऱ्यावर नाव नाही म्हणून तो हक्क नाही असं होत नाही. आम्ही तिथूनच मागे फिरलो. त्या बाईंच्या हक्काची जागा आमच्यामुळे गेली असती, या विचाराने मला अजून कसंतरी होतं.

दुसरी जागा पाच भावंडांची निघाली. पोर्तुगीज काळातला नागरी कायदा गोव्यात अजून चालतो आणि वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणजे पाच भावंडं आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांच्या सह्या. एक बहीण लिस्बनला. त्या भावंडांचे वडील वारल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेलीच नव्हती. ते सगळं निस्तरेपर्यंत थांबायची आमची ताकद नव्हती.

तिसरी घेतली. तिची सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, झालेली होती, झोन सेटलमेंटचा, म्हणजे वस्तीचा होता, सर्व्हेत वेगळा सबडिव्हिजन नंबर पडला होता. मीटरमागे थोडे जास्त मोजले, वकिलाचे वेगळे. जागा स्वस्त मिळते म्हणून बागायतीच्या किंवा शेतीच्या तुकड्याकडे वळू नका. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदी आहे. "सनद नंतर करून घेऊ," असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठा.

सुकूर, पर्वरी

पठारावर घर म्हणजे वारा छान, पाण्याचं तेवढं बघा. मार्चअखेर सोसायटीची वर्गणी निघते आणि टँकर सुरू होतो. महामार्गावरच्या उड्डाणपुलाच्या कामामुळे मला पणजीला निघायची वेळ पाऊण तास अलीकडे आणावी लागली. तरी शाळा, बँक, डॉक्टर, भाजी सगळं पायी गाठता येतं आणि आईला एकटीला बाहेर पडता येतं. तेवढ्यासाठी मी पुन्हा इथेच घेईन.

कुठ्ठाळी

नवरा वेर्ण्याला कंपनीत, मी पणजीत. २०२० मध्ये इथे घेतलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, रोज झुआरी पुलावरच्या रांगेत आयुष्य जाईल. दोन वर्षं गेलंच. डबा बसमध्ये उघडून खायचे मी. २०२२ च्या डिसेंबरात नव्या पुलाचा पहिला भाग सुरू झाला आणि मुलाला शाळेला सोडून ऑफिस गाठता यायला लागलं. आता इथले दरही चढलेत.

आमची चूक दुसरीच. बिल्डरने "ऑक्युपन्सी येतेच आहे" म्हणत, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला नसतानाच, चावी दिली आणि आम्ही घेतली. घर नंबर नाही, म्हणून विजेचं कायमचं कनेक्शन नाही. दीड वर्ष बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर, चढ्या दराने काढलं. शिवाय गटाराची लाइन इथे नाही, सगळा भार सेप्टिक टँकवर. पहिल्याच जुलैत शोषखड्डा भरून वर आला. कॉम्प्लेक्सची विहीर तिथून अगदी जवळ, तिचं पाणी झाडांनाही घालवेना. शोषखड्डा कुठे आणि विहीर कुठे, हे पावलं टाकून मोजा. आणि मुसळधार पावसात एकदा तरी जाऊन या, उन्हात सगळेच कॉम्प्लेक्स कोरडे असतात.

नावेली

जुन्या इमारतीतला, वीस वर्षं वापरलेला फ्लॅट घेतला. त्याच पैशात नव्यापेक्षा एक खोली जास्त, शेजारी तयार, पाववाला पदेर सकाळी दारात. गच्चीची गळती पहिल्या पावसात कळली. लिफ्ट नाही. जिन्याला शेवाळ धरतं, सासूबाई जून ते सप्टेंबर खाली उतरत नाहीत. हे आधी सुचलं असतं तर तळमजला शोधला असता.

पेडणे

मी विकत घेतलंच नाही. मोप विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे रोज कोणीतरी जमिनीचं विचारत येतं. आम्ही तिघा भावांनी वाटणी करून वडिलांच्या घराची माझ्या वाट्याची बाजू दुरुस्त केली: नवे वासे, जुनीच कौलं. म्हापशाला नोकरीला जाऊन-येऊन करतो. ज्याचं मूळ घर गोव्यात आहे त्याने बाहेर शोधायच्या आधी भावाशी एकदा बसून बोलावं.

पुन्हा मेरशी

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने हे सगळं वाचलं आणि काल रात्री वहीत दोन पानं भरली. खोर्लीचा एक फ्लॅट आम्ही जवळजवळ नक्की केला होता. आज सकाळी फोन करून ऑक्युपन्सीची प्रत मागितली, तर "आधी टोकन द्या" म्हणाले. टोकन दिलं नाही.

साखळीचे दादा, तुमच्या वडिलांना आमचा नमस्कार सांगा. आणि कुर्टीच्या ताई, तुमच्या इमारतीत किंवा आसपास कोणी विकणार असेल तर कळवाल का? मे महिन्यातच येतो. काकींची विहीरही बघून घेतो.