नववीच्या पोरांना आठवड्यातून एक दिवस कामावर पाठवावं का?

निगुती:
आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत (नाव देत नाही) परवाच्या पालकसभेत चांगलीच जुंपली. शाळेचं म्हणणं, दिवाळीनंतर नववीच्या सगळ्या मुलांनी दर शनिवारी गावातल्या एखाद्या कामाच्या ठिकाणी जायचं, शिवाय मे महिन्यात सलग दहा दिवस. दवाखाना, पतसंस्था, गॅरेज, रोपवाटिका, छापखाना, जिथे घेतील तिथे. आतापर्यंत हे फक्त व्यवसाय विषय घेतलेल्या मुलांपुरतं होतं. एक गृहस्थ उठून म्हणाले, "आम्ही पोरं शिकायला पाठवतो, राबायला नाही." टाळ्या पडल्या.

माझा थोरला गेल्या वर्षी बारा दिवस मोटार रिवायंडिंगच्या (जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देतात त्या) दुकानात गेला होता. पहिले तीन दिवस जळक्या मोटारींतली जुनी तार ओढून काढायची, एवढंच काम. बोटं काळी, चेहरा त्याहून काळा. चौथ्या दिवशी मालकांनी पंखा भरायला दिला. एका कॉइलचे वेढे मोजताना मध्येच कुणाशी तरी बोलला आणि आकडा विसरला, मग सगळी कॉइल उलगडून पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्री जेवताना मला विचारतो, "आई, थ्री फेजच्या मोटारीचा एक फेज गेला तर ती बंद पडायचं सोडून जळते का?" मला कुठलं येतंय! एक शेतकरी त्याच हंगामात तिसऱ्यांदा पंप घेऊन आला होता. मालक त्याला सांगत होते, ते यानं ऐकलं. उरलेले दोन फेज जास्त करंट ओढतात आणि वाइंडिंग भाजून निघतं. विजेचा धडा पोराला पाठ होता, पण हा प्रश्न त्याला तोवर पडलेला नव्हता.

बाराव्या दिवशी घरी येऊन म्हणाला, हे काम मला जमेल, पण दिवसभर मान खाली घालून बसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला एवढं कळलं तरी पुष्कळ वाटलं. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, फिया भरून झाल्यावर हे ऐकायला मिळालेली दोन घरं आमच्या आळीतच आहेत.

म्हणून माझं मत: सगळ्यांना पाठवा आणि सक्तीनं पाठवा. नव्वद टक्केवाल्यांना तर आधी.

तिरकस:
असहमत. 'सगळ्यांना' हा शब्द ठरावात असतो, हजेरीपटावर नसतो. शहरातल्या मोठ्या शाळेतलं पोरगं त्या शनिवारी जेईईच्या क्लासला बसणार आणि 'काकांच्या ऑफिसात अनुभव घेतला' असा कागद आणून देणार. पंख्याची तार ओढायला जाणार ते जिल्हा परिषदेच्या शाळेतलं.

जरा इतिहास बघा. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी योजना आणली होती, प्राथमिकच्या मुलांनी निम्मा दिवस शाळा शिकायची आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा. न्हाव्याच्या मुलाला न्हाव्याकडे पाठवायचं हाच त्याचा अर्थ, हे पेरियार आणि द्रविड चळवळीनं ओळखलं आणि रान उठवलं. राजाजींना पद सोडावं लागलं, १९५४ मध्ये त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री कामराज यांनी योजना गुंडाळली. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. ज्या समाजात कामाला जात चिकटलेली आहे तिथे 'कामातून शिक्षण' कुठल्या घरात जाऊन पोचतं, ते सांगतोय.

तुमच्या मुलाला 'हे मला नको' म्हणता आलं, कारण त्याच्यापुढे दुसरा रस्ता होता. त्याच्या शेजारी बसून तार ओढणाऱ्या पोराला होता का?

किमान_कौशल्य:
मी अकरावी-बारावीच्या व्यवसाय शाखेला बावीस वर्षं शिकवलंय. पूर्वीचं एमसीव्हीसी म्हणजे 'किमान कौशल्य', ज्याला बाकीचा स्टाफ 'किमान मार्क' म्हणायचा. तिरकस यांचा राग मला कळतो. आमच्याकडे हौसेनं आलेली मुलं मी बोटांवर मोजू शकतो, बाकी सगळी सायन्स-कॉमर्सला नाव न लागलेली.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. कामाच्या ठिकाणी शिकवतं कोण? एका कार्यालयात माझ्या वर्गातल्या दोन मुली महिनाभर होत्या. मी भेटीला गेलो तर एक झेरॉक्स काढत होती, दुसरी चहाचे कप विसळत होती. वहीत मात्र रोजची नोंद: 'आवक-जावक नोंदवही हाताळली.' खाली साहेबांची सही, एकाच पेनानं, एकाच दिवशी केलेली. त्या मुलींना मी जाब विचारला नाही. साहेबांना विचारायला हवा होता, तोही विचारला नाही, पुढच्या वर्षी त्यांनी मुली घ्यायला हव्या होत्या ना! निगुतीताई, तुमच्या मुलाला मालक बरा भेटला. त्याला योजना म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

मला त्यापेक्षा पुणे जिल्ह्यातल्या पाबळची पद्धत पटते. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि आठवी ते दहावीसाठी 'आयबीटी' (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) उभं केलं: आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. सगळं शाळेतच, आणि सगळ्यांनी सगळं करायचं. गावातलेच कारागीर येऊन शिकवणार, शाळेची मोडकी बाकं आणि गावातली छोटी कामं मुलंच करणार. चहाचे कप विसळायला लावणारा साहेबच नाही मध्ये.

शिरोलीकर:
माझं लेथचं (लोखंड कातायच्या मशीनचं) छोटं वर्कशॉप आहे, एमआयडीसीत. आमच्या बाजूनं कोण बोलंना म्हणून लिहितोय.

दोन वर्षं झाली, पोरं घेतो. नववीतल्या पोराला लेथला हात लावू देत नाही म्हणजे नाही. अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही हा कायदाच हाय, आणि कायदा नसता तरी दिलं नसतं. चकात (लोखंड पकडून गरगर फिरतो त्या भागात) किल्ली विसरून मशीन चालू केलं तर ती किल्ली कुठं जाईल ते देवाला ठाऊक. मग पोरानं करायचं काय? मोजायचं. गेल्या मेमध्ये एक आला होता, व्हर्नियरचा लीस्ट काउंट काढायचं सूत्र घडाघडा म्हणाला. हातात शाफ्ट दिला तर तिरका धरून मोजतोय! तिसऱ्या दिवसापासनं माझ्या कामगाराच्या चुका काढायला लागला, कामगार वैतागला.

पण सांगतो, दहा दिवस पोराच्या मागं एक माणूस गुंततो. त्याचा पगार कोण देणार? बोट चेंगरलं तर विमा कुणाचा? शाळेनं मला छापील आभारपत्र दिलंय, लॅमिनेट करून. भिंतीला लावलंय.

नेकारकाठ:
स्टुटगार्टहून. इथे माझ्या मुलीला नववीत असं प्राक्टिकुम करावं लागलं. जागा मुलांनी स्वतः शोधायची, अर्ज स्वतः लिहायचा, नंतर अहवाल द्यायचा. तिला दोन ठिकाणी नकार आला. पंधराव्या वर्षी नकाराचं पत्र वाचणं हासुद्धा धडाच होता, रडली बिचारी.

मात्र जर्मनीचं नाव घेऊन कुणी भारावून जाऊ नये. इथे चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात, आणि ओळख इथेही चालते. मुलीच्या वर्गातला डॉक्टरांचा मुलगा इस्पितळात गेला, जिच्या घरी कुणाची ओळख नव्हती ती सुपरमार्केटात फळ्या लावत होती. तिरकस यांचा मुद्दा साता समुद्रापार लागू आहे.

निगुती:
@तिरकस, शेजारच्या पोराचं विचारलंत म्हणून सांगते. तो त्याच दुकानात शनिवार-रविवार जातो अजून, पैसे मिळतात म्हणून. तुमचा प्रश्न मला झोंबला, नाही म्हणत नाही.

पुढच्या सभेत मी मांडणार आहे की जागा चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. डॉक्टरीणबाईंची लेक गॅरेजात, गॅरेजवाल्याचा मुलगा पतसंस्थेत. मुलानं किंवा घरच्यांनी जागा निवडायचीच नाही. आणि सर म्हणतात तशी नोंदवही नको, मुलानं परत येऊन वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं. चहाचे कपच विसळले असतील तर तेच सांगेल.

तिरकस:
चिठ्ठ्या पटल्या. पहिल्याच वर्षी डॉक्टरीणबाई मुलीचा दाखला काढून दुसऱ्या शाळेत नेतील, तेव्हा मुख्याध्यापक काय करतात ते इथे येऊन लिहा. तोवर माझं मत आहे तिथंच.

शिरोलीकर:
चिठ्ठीत माझं नाव घाला ताई, दोन पोरं चालतील. विम्याचं तेवढं शाळेकडनं लिहून आणा. आणि बूट घालून पाठवा, गेल्या वेळचा सँडल घालून आला होता.