जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये लॅमिनेट: कपाटांखालून न्यायचं का?

चाकावरचं_घर:
ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, १९६०च्या दशकातला. आतली जमीन ४.२ × २ मीटर. कपाटं, बाक वगळता मोकळी जागा साधारण ४.५ चौ. मीटर. वर जुनं व्हायनिल, खाली १५ मिमी प्लाय. सिंकखाली काळे डाग आहेत आणि दाराजवळ पाय दिला की प्लाय दबतो. लॅमिनेट, म्हणजे जमिनीवर टाकायच्या खाचेत बसणाऱ्या फळ्या, ८ मिमी घ्यायचं ठरलंय. व्हायनिल काढू की त्यावरच टाकू? कपाटं काढून भिंतीपर्यंत न्यायचं का? फळ्यांखाली अंथरायचा फोम किती जाड?

रंधा_पटाशी:
लॅमिनेट नंतर. दबतोय म्हणजे प्लाय कुजलाय, आणि पाणी अजून येत असणार. दाराची चौकट, खिडक्यांचे खालचे कोपरे, छताचे सांधे आणि चाकांवरचे कोनाडे आधी बंद करा. मग टोच्याने दर १० सेंमीवर टोचत जा. टोक सहज आत गेलं की तिथला प्लाय कापायचा, तोही खालच्या आडव्या लाकडाच्या मध्यापर्यंत, म्हणजे नव्या तुकड्याच्या कडेला आधार मिळतो. नवा मरीन प्लाय त्याच जाडीचा. कापलेल्या कडांना एपॉक्सीचे दोन हात. कडेने दर १५ सेंमीवर स्क्रू, डोकी आत बुडवून.

व्हायनिलबाबत सावध. त्या काळच्या व्हायनिलमध्ये किंवा खालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतू) असू शकतं. तुकडा तपासून घ्या; तोवर खरवडणं, घासणं, तापवणं बंद. ॲस्बेस्टॉस सापडलंच तर व्हायनिल काढायचं काम प्रशिक्षित माणसाकडे द्या.

जीभ_आणि_खाच:
कपाटांखालून नेऊ नका. लॅमिनेट तरंगतं असतं, म्हणजे खाली चिकटवलेलं किंवा ठोकलेलं नसतं. दोन्ही बाजूंना कपाटं स्क्रूने आवळली की त्याला सरकायला जागा उरत नाही आणि मध्ये सांधे उचकटतात. शिवाय वजन. ८ मिमीचं चौ. मीटरला सुमारे ७ किलो भरतं. मोकळ्या भागापुरतं ३१ किलो, सगळीकडे टाकलंत तर ५९.

फोम २ मिमी, घट्ट. जाड मऊ फोमवर फळी प्रत्येक पावलाला वाकते आणि खाच तुटते. खाली प्लास्टिकचा कागद नको, गळलेलं पाणी प्लायवर कोंडून राहतं.

ट्रेलर जॅकवर समतल करूनच कामाला लागा. फळ्या ४८ तास आत आडव्या ठेवा, मग लांबीच्या दिशेने टाका. चारही बाजूंना ८ ते १० मिमी फट हवी. रस्त्यावर चेसिस पिळते, इथे कंजुषी नको. शेवटची ओळ ५ सेंमीपेक्षा अरुंद येत असेल तर पहिलीच चिरून घ्या.

खरी अडचण शेवटच्या ओळीची. खाचेत बसवायला फळी तिरकी धरावी लागते, पण कपाटाच्या पुढे आलेल्या कडेखाली ती तिरकी धरताच येत नाही. तिथे खाचेच्या खालच्या ओठावरचा उंचवटा पटाशीने तासा, डी-३ गोंद (ओल सोसणारा लाकडाचा गोंद) लावा आणि फळी सपाट ठेवून पुल बारने (फळी ओढायच्या आकड्याच्या पट्टीने) ओढा. गोंद सुकेपर्यंत पाचर मारून ठेवा. बीडिंग (फट झाकायची पट्टी) कपाटाला ठोका, जमिनीला अजिबात नाही.

चाकावरचं_घर:
मोकळ्या भागापुरतंच टाकतो. शेगडीजवळ जमिनीला जाळीचं भोक आहे. वारा येतो, बुजवू का?

रंधा_पटाशी:
मुळीच नाही! एलपीजी हवेपेक्षा जड; गळला तर खाली साठतो आणि त्याच भोकातून बाहेर पडतो. लॅमिनेट भोकाभोवती कापा, फोमही तिथून काढा, जाळी पुन्हा बसवा.

कोरडी_बाजू:
माझं मत वेगळं. दारातून ओले बूट आत येणार, आणि लॅमिनेटचा एचडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा) गाभा एकदा फुगला की सुकूनही कडा खाली बसत नाहीत. २ मिमीचं चिकटवायचं व्हायनिल हलकं, वर पाण्याचं भय नाही. पण प्लाय गुळगुळीत लागतो, स्क्रूचं प्रत्येक डोकं वर उठून दिसतं.

जीभ_आणि_खाच:
हे बरोबर आहे. लॅमिनेटच टाकणार असाल तर दारापाशी तरी वेगळं करा: फटीत फोमची दोरी दाबा, वर सिलिकॉन, आणि ॲल्युमिनियम पट्टीचे स्क्रू फटीतून थेट प्लायमध्ये. सिंकखाली लॅमिनेट नकोच. प्लायला रंग देऊन उघडा ठेवा, थेंब पडला की लगेच दिसतो. आणि फळी कापण्याआधी दार उघडून बघा. फोम धरून जमीन १० मिमी वर येते. दार आत उघडणारं असेल तर तिथेच अडतं.