सुकामेवा खाऊन वजन वाढतंय, मदत हवी आहे

मीरा_ठाणे: बिस्किटं, फरसाण सगळं बंद करून सुकामेवा सुरू केला. तरी वजन वाढतंच आहे! नेमकं काय बंद करू? लवकर सांगा, किराणा भरायचाय.

गवतीचहा: सुकामेवा म्हणजे काय काय? मनुका, खजूर धरून? किती?

दादरकर: रात्री भिजवलेले बदाम सोलून सकाळी अनशापोटी खा. आमच्याकडे आजीपासून हेच चालतं.

गवतीचहा: दादा, सालीत फायबर असतं, सोलायचं कशाला?

दादरकर: ज्याला साल सोसत नाही त्याने सोलावीच. फायबर पालेभाजीतूनही मिळतं.

मीरा_ठाणे: नेहमीचाच हो. काजू, बदाम, अक्रोड, खजूर. डबा ऑफिसच्या टेबलावरच असतो, येता-जाता तोंडात टाकते. प्रमाण कोण मोजतं?

आहारवही: मोजायलाच हवं. 100 ग्रॅम बदामात साधारण 580 कॅलरी, अक्रोडात साडेसहाशे. स्पेनमधल्या प्रेडिमेड या आहार आणि हृदयविकारावरच्या अभ्यासात लोकांना रोज 30 ग्रॅमच दिले होते: 15 ग्रॅम अक्रोड, साडेसात ग्रॅम बदाम, साडेसात ग्रॅम हेझलनट. हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले, पण तो प्रयोग वजन उतरवण्यासाठी नव्हताच. सकाळीच 30 ग्रॅम छोट्या डबीत काढून घ्या, मोठा डबा घरी ठेवा. आणि ते संध्याकाळच्या खाण्याऐवजी खा, त्याच्या जोडीला नको.

शेंगदाणेवाला: एवढे महाग बदाम कशाला? भाजके शेंगदाणे खा, 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिनं.

आहारवही: कॅलरीही साडेपाचशेच्या वर आहेत, तेही सांगा ना!

कोकणी_मुलगी: बदाम तेलाने माझे केस गळायचे थांबले. कुणाला वेंगुर्ल्याचे काजू हवेत का? मे महिन्यात आणते.

गवतीचहा: मीरा, थायरॉईड तपासलंय?

मीरा_ठाणे: गोळी चालूच आहे की. सकाळी गोळी घेऊन लगेच भिजवलेले अक्रोड खाते. त्याचा काय संबंध?

आहारवही: अहो, संबंध आहे! अक्रोडामुळे थायरॉक्सिनचं, म्हणजे तुमच्या गोळीतल्या औषधाचं, शोषण कमी होऊ शकतं, औषधाच्या माहितीपत्रकातही असतं. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, मग अर्धा-एक तास काही नको. अक्रोड संध्याकाळी खा. दादरकर, अनशापोटीचा सल्ला यांना नका देऊ. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटची कधी केलीत?

मीरा_ठाणे: दिवाळीच्या आधी. डॉक्टरांना आजच फोन करते. खजूर चालेल ना पण?

दादरकर: खजूर दुधात उकळून घ्या.

शेंगदाणेवाला: वेंगुर्ल्याचे काजू किलोला काय भाव?